जळक्या सालीचा वास

संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की महानंदाच्या स्वयंपाकघरात लिंबाची साल जळल्याचा वास सुटायचा. स्टोव्ह थंड असायचा, घरात लिंबू नसायचं, तरी वास यायचाच. पाठोपाठ ग्लासात चमचा फिरवल्याचा आवाज यायचा, अगदी बेतानं, सवयीचा हात असावा तसा. आणि तो हात ज्याचा, तो महानंदाचा नवरा कुंडलिक, त्याला जाऊन आता पितृपक्षातला दुसरा म्हाळ आला होता.

मेलेल्या माणसांचा जीव कशाकशात अडकतो म्हणे. कुणाचा जमिनीत, कुणाचा डागदागिन्यांत. ह्या गृहस्थाचा अडकला होता दारूच्या ग्लासात. आता कुणाला सांगणार, आणि कोणत्या तोंडानं?

बरं, नुसती दारू म्हटलेलं कुंडलिकाला खपायचं नाही. तो मिलच्या स्टोअरात कामाला होता. मिलचे साहेब विलायत बघून आलेले. त्यांच्या बंगल्यावर सामान पोचवायला गेला की साहेब व्हरांड्यात बसून आपला ग्लास जमवताना दिसायचे. अमेरिकेतली मक्याची दारू, तिला बर्बन म्हणायचे. तिच्यात साखर, कसल्याशा कडू अर्काचे थेंब आणि संत्र्याची साल. "आपल्याकडं मका कोंबड्यास्नी घालत्यात, आन् हे बघा," असं घरी येऊन हसायचा खरा, पण गोष्ट त्याच्या मनात बसली होती. त्यानं डॉक्टरकडून कागद करून परमिट काढलं आणि इकडचीच व्हिस्की आणली. साखरेच्या जागी लवंग घातलेला गुळाचा पाक. कडू अर्काच्या जागी काडेचिराइताचा काढा. संत्रं नाही तर लिंबाची साल, ती स्टोव्हच्या जाळावर धरायची, तडतडली की ग्लासात पिळून टाकायची. रोज एकच ग्लास. प्यायला म्हणून त्यानं कधी आवाज चढवला नाही की भांडं आपटलं नाही. चाळीतल्या बायका महानंदाचा हेवा करायच्या, आणि ती वरवर नाक मुरडायची.

तो गेल्यावर वास सुरू झाला, तेव्हा महानंदा घाबरली नाही. खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. भोंगा व्हायच्या वेळेला ती केस विंचरून स्टोव्हपाशी जाऊन बसायची.

घाबरली ती सून, गोदावरी. तिला सातवा लागला होता. वास येऊन चमचा वाजला की ती कानांत बोटं घालून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकायची. तिला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, डोळे खोल गेले होते. म्हाळाच्या आदल्या दिवशी तिनं सासूला सरळ सांगितलं, "आत्याबाई, बाळंतपणाला मी म्हायेरी अकलूजला जाणार. पर मामंजी हितनं हलले न्हाईत, तर बाळ घिऊन मी माघारी यायची न्हाय."

पोरगी खोटं बोलणारी नव्हती. महानंदाला नातवंड हातचं जाताना दिसायला लागलं.

गेल्या साली म्हाळात कुंडलिकाच्या पत्रावळीशेजारी ग्लास ठेवलाच होता. मेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवायचं ही रीतच आहे. कुणी बिडी ठेवतं, कुणी तपकीर. तरी कावळा शिवला नाही, शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून नेली. सगळे म्हणाले, ग्लासात काहीतरी राहिलं. काय राहिलं, ते एकट्या महानंदाला ठाऊक होतं, आणि ती तोंड शिवून बसली होती.

त्याचं असं होतं. जवानपणी विषमज्वरात कुंडलिकाच्या जिभेची चव गेली, ती पुरती परत आलीच नाही. गूळ किती, काढा किती, त्याला कळायचं नाही. म्हणून तो स्वयंपाकघराचं दार लोटायचा आणि ग्लास बायकोपुढं धरायचा. "बघ गं, झालं का बरूबर?" महानंदा पदर सावरायची, तोंड वाकडं करायची आणि बारीकसा घोट घ्यायची. "गूळ कमी हाय," म्हणायची, नाहीतर "झालंय बरूबर." मग तो उरलेला प्यायचा. उभ्या संसारात त्यानं तिनं उष्टावल्याशिवाय ग्लास ओठाला लावला नाही. आणि म्हाळात सगळ्यांनी ठेवला तो सोवळा, कुणाचं बोट न लागलेला. पितरांचं ताट कुणी चाखत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

सांगायचं कसं? बाईमाणूस रोज दारूचा घोट घ्यायची म्हणून? लाज होतीच. पण लाजेच्या आड दुसरं एक होतं, ते महानंदा स्वतःशीही बोलत नव्हती. कावळा शिवला की तो जाणार होता.

म्हाळाच्या दिवशी दुपारी मुलगा महिपतीनं आईला विचारत विचारत ग्लास जमवला. पत्रावळीवर वडे, आमटी, खीर वाढली आणि पान मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. कडुनिंबावर कावळे गच्च बसले होते. एक उतरला, ग्लासाकडं मान वाकडी करून बघितलं आणि परत वर गेला. कुंडलिकाची बहीण बजाबाई हात जोडून भावाची विनवणी करायला लागली. "दादा, सुनंचं समदं नीट करू. वैनीला अंतर देनार न्हाय. शिव की रं आता." कावळे ढिम्म. खिरीवर साय धरली.

"दर्भाचा कावळा करू," महिपती म्हणाला.

गोदावरी उंबऱ्यात उभी होती. पोटावर हात ठेवून ती सासूकडं नुसती बघत राहिली. महानंदाला ते बघणं सोसवेना.

"थांब," ती मुलाला म्हणाली. पुढं होऊन तिनं ग्लास उचलला.

"अवो वैनी, शिवू नका, उष्टं हुईल," बजाबाई म्हणाली.

"व्हायलाच पायजे ते," महानंदा म्हणाली आणि सगळ्यांदेखत घोट घेतला. जिभेवर घोळवला. काढा कमी होता. तिनं आत जाऊन काढ्याची बाटली आणली, वरनं थेंब घातले, चमचा फिरवला आणि परत चाखलं. बजाबाईनं तोंडाला पदर लावला होता, महिपती खाली मान घालून उभा होता. महानंदानं ग्लास पत्रावळीशेजारी ठेवला.

"झालंय बरूबर," ती म्हणाली. "घ्या आता."

कावळा उतरला. वड्याला त्यानं चोच लावली नाही, आधी ग्लासात घातली.

संध्याकाळी भोंगा झाला. वास आला नाही. चमचाही वाजला नाही. बाहेरच्या खोलीत गोदावरीला इतक्या दिवसांनी गाढ झोप लागली होती, ती चक्क घोरत होती. महानंदानं तिच्या अंगावर चादर घातली आणि स्वयंपाकघरात येऊन दार लोटलं.

बाटलीच्या तळाशी थोडी व्हिस्की उरली होती. तिनं स्टोव्ह पेटवला, दुपारच्या लिंबाची साल जाळावर धरली, पाक घातला, काढा घातला, चमचा फिरवला. मग नेहमी तो उभा राहायचा तिथं तोंड करून तिनं ग्लास पुढं धरला.

"बघा की, झालं का बरूबर?"

हात भरून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली.