रशीदची काळी दोन

नाताळनंतरचा शनिवार. रात्रीचे सव्वाआठ. नगरच्या एका सभागृहात ‘आठवणीतला रंगबहार’ हा जुन्या ऑर्केस्ट्रा कलावंतांचा कार्यक्रम चालू असताना रशीद शेख यांचा आवाज अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत फाटला. गाणं तिथंच थांबलं.

मित्रांनो, मी त्या वेळी रंगमंचावर होतो. दानीएल साळवे यांच्या छातीशी बांधलेला जुना अॅकॉर्डियन, तो मी. कुठे बनलो ते खात्रीने सांगता येत नाही. अंगावरची अक्षरं मी दानीएलकडे येण्याआधीच पुसली गेली होती. त्यांनी मला मुंबईत एका वादकाकडून आणलं. ते शाळेत चित्रकला शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी रंगबहार ऑर्केस्ट्रात वाजवत. रशीद मोटार रिवाइंडिंगचं दुकान सांभाळून गात. जत्रा, उरूस, गणपती, साखर कारखान्याचा वर्धापनदिन, अशा ठिकाणी आम्ही टेम्पोने जायचो. माझा भाता उघडला की पोरं पुढे सरकायची. ‘ती श्वास घेणारी पेटी’ म्हणायची मला.

रशीदची पट्टी काळी दोन. गायक ज्या सुराला आपला ‘सा’ मानून गातो, ती त्याची पट्टी. काळी दोन म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर, पुरुषाला चांगलाच उंच. फलकावर त्यांच्या नावाखाली तसं रंगवलेलंही असे, पहिलवानाच्या नावाखाली वजन लिहावं तसं.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात त्यांना सर्दी झाली होती. दानीएलनी मला एक सूर खाली वाजवलं आणि बाकीच्या वादकांना भुवईने खूण केली. गाणारा माणूस लोकांकडे तोंड करून उभा असतो. मागे कुठली पट्टी दाबली, हे त्याला दिसत नाही. गाणं रंगलं. परतताना रशीद टेम्पोत म्हणाले, “बघितलं का दानीएल, सर्दीतपन काळी दोन! लई मानतो मी स्वतःला.”

“मान की,” दानीएल म्हणाले. “फुकट हाय.”

सगळे हसले. खरं सांगायचं राहून गेलं. सर्दी गेली, पण पट्टी परत वर चढली नाही. पुढे ती आणखी उतरली. ऑर्केस्ट्रा बंद पडला, तरी दर नाताळला रशीद घरच्यांना घेऊन दानीएलकडे जेवायला येत आणि जेवणानंतर एक गाणं म्हणत. दर दोनतीन वर्षांनी मी थोडा आणखी खालून वाजे. रशीदना वाटे, आपला आवाज जागच्या जागी आहे.

उरलेलं वर्ष मी पोटमाळ्यावर असे. तिथे कोरडी हवा आणि उंदीर. माझ्या सूर देणाऱ्या पोलादी पात्या धरून ठेवणारं मेण तडकलं. यंदा खाली काढलं तेव्हा भात्याचा एक कोपरा कुरतडलेला होता. दानीएलनी त्यावर कापडी पट्टी चिकटवली. दुरुस्ती करणारा त्यांना माहीत होता. पण कार्यक्रम तोंडावर आला होता.

कार्यक्रम दानीएलचा भाचा जस्टिन करत होता. त्याचा साउंडचा धंदा आहे. हल्ली वादक मिळत नाहीत, म्हणून बाकीच्यांची गाणी त्याने ट्रॅकवर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या वाद्यसंगीतावर बसवली. रशीदना यायचंच होतं. सबिहाची, म्हणजे त्यांच्या मुलीची, मुलं पहिल्यांदाच त्यांना रंगमंचावर बघणार होती. “त्यांनी मला मोटारीला तार गुंडाळतानाच बघितलंय,” ते म्हणाले. “मरायच्या आधी एकदा माइकसमोर बघू द्या.”

“चाचा, पट्टी कुठली?” जस्टिनने विचारलं.

“हे काय विचारनं झालं? माझ्या बापाचं नाव विचार. काळी दोन!”

“मामा, बरोबर ना?”

दानीएल माझ्यावरची धूळ पुसत होते. “ते म्हणतात तेच,” ते म्हणाले. “पण त्यांच्या गाण्याला ट्रॅक नको. मी वाजवतो.”

जस्टिन हो म्हणाला. तरी अडीअडचणीला असावा म्हणून त्याने एक ट्रॅक तयार ठेवला. काळी दोनमध्ये.

त्या संध्याकाळी दानीएलनी सुरुवातीचा तुकडा वाजवायला भाता ओढला आणि कापडी पट्टी सुटली. माझ्यातून सूर आला नाही, नुसती हवा आली. सभागृहात कुणीतरी हसलं. जस्टिनने चांगल्या हेतूने ट्रॅकचं बटण दाबलं.

रशीदनी ‘सा’ पकडला. सवयीने ध्रुवपद निभावलं. पुढच्या रांगेतली सबिहाची मुलं टाळ्या वाजवू लागली. अंतरा वर चढतो, तिथे काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. मागून एकजण ओरडला, “चाचा, लिफ्टने जा की!”

रशीद वळले. “पट्टी कुणी चढवली?”

“कुणी न्हाई चाचा,” जस्टिन म्हणाला. “तुमचीच हाय. काळी दोन.”

रशीदनी दानीएलकडे बघितलं. दानीएलचा हात माझ्या फाटक्या कोपऱ्यावर होता. त्यांनी नजर उचलली नाही. त्यातून कळायचं ते रशीदना कळलं. त्यांनी माइक नीट स्टँडला अडकवला आणि ते उतरले. चहाची सुट्टी जाहीर झाली.

थोड्या वेळाने सबिहा पडद्यामागे आली. “दानीएलकाका, अब्बा गाडीत बसलेत. भांडायचं न्हाई म्हणतात. एवढंच विचारून ये म्हणाले, माझं शेवटचं खरं गाणं कुठं झालं?”

दानीएलना ते माहीत होतं. पारनेरची जत्रा, अकोल्याच्या अगोदरची. म्हणजे त्यानंतरची सगळी वाहवा त्यांच्या मित्राच्या हिशोबातून पुसली जाणार होती, दानीएलच्या घरातल्या नाताळांसकट.

“सांगतो म्हणावं,” ते म्हणाले.

मित्रांनो, वाद्याला वापरा किंवा दुसऱ्या कुणाला द्या. पोटमाळ्यावर ठेवून वर्षातून एकदा आठवू नका. आणि एखाद्याचा मान राखायचं काम वाद्यावर सोपवू नका. चामडं आणि मेण किती दिवस टिकणार?

माझा भाता अजून तसाच आहे. रशीदचं दुकान रोज उघडतं. तिथला रेडिओ बंद असतो, असं जस्टिन सांगत होता. परवा सबिहा रमजान ईदचा शिरखुर्मा देऊन गेली. डबा एकटीच घेऊन आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, “अब्बा अजून विचारतात.”

दानीएलनी डबा धुऊन ठेवला आहे. तो परत द्यायला ते अजून गेलेले नाहीत.