नदीवरून आणलेलं

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून चांपीबाईंचा डावा हात लाकडासारखा पडून होता. मुलगी सुनी रोज तेल चोळायची, दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलेले व्यायाम करून घ्यायची. हात काही हलेना.

"अगं, झटका आला तेव्हा ही नदीच्या घाटावर पडली ना, निम्मा जीव तिथंच राहिलाय हिचा," थोरली मावशी म्हणाली. "आणि तू उरलेल्या निम्म्याला चोळत बसलीयस!"

त्या घाटाची सुनीला धास्ती होती. तिची धाकटी बहीण बुप्पा लहानपणी तिथंच बुडाली होती. तरी आईचा राहिलेला जीव आणायला सुनी गेली. मावशीनं सांगितल्याप्रमाणं मासे धरायची झोळी पाण्यावरून फिरवत तिनं हाका मारल्या, "आई, चल घरी!" परतताना रिकामी झोळी जड लागत होती. घरी येऊन, आणलेला जीव परत जाऊ नये म्हणून तिनं आईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

दुसऱ्या दिवशी जेवताना आईचा डावा हात थरथरत उठला. त्यानं चिकट भाताचा गोळा उचलून शेजारच्या मोकळ्या जागेपुढं धरला.

"आई, हात उठला गं तुझा!" सुनीला रडूच फुटलं.

"हळू बोल," आई जड जिभेनं म्हणाली. "बिचकेल ती. किती वर्षांची उपाशी आहे पोर."

दवाखान्यातल्या बाई हरखल्या. मावशी मात्र चरकली. "आधी तिला परत पोचवून ये."

सुनीनं आईच्या हलणाऱ्या बोटांकडं पाहिलं. संध्याकाळी तिनं मोकळ्या जागेपुढं ताटली मांडली आणि म्हणाली, "बस गं बुप्पा."