आईच्या गोधडीची पिशवी

विळा पहिल्या घावात आत गेलाच नाही. लोकेंद्रदादानं पिशवी अंगणात टाकून तिच्यावर पाय दिला होता. वरून पूर्ण जोरानं घाव घातला, तरी पातं कापडावरून घसरलं आणि मातीत रुतलं.

पिशवी जुन्या लुगड्यांच्या पाच थरांची होती. माझ्या धाकट्या वहिनीनं, दुर्गेश्वरीनं, ठिगळं जुळवून काठाकडून मधोमध फिरत फिरत तांदळाच्या दाण्याएवढे टाके घातले होते. टाके इतके जवळ असले की थर एकमेकांना धरून राहतात. एक फाटला तरी खालचा सुटत नाही. बाजूच्या शिवणी तिनं तिरप्या पट्टीनं मढवल्या होत्या, कारण चंदा वह्या कोंबते आणि पिशवी तिथंच आधी उसवते.

चंदा दादाची मुलगी. ती आत खाटेवर होती. तिचा ताप थंडी वाजून चढत होता, घाम येऊन उतरत होता, आणि सकाळी डोळे फिरवून तिला झटका आला होता. मी थर्मामीटर लावला, एकशेचार. भाद्रपद होता, धानाच्या बांध्यांत पाणी, घरात डास. मी सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. केलंय, मला मलेरियाचा संशय होता आणि तिरोड्याच्या दवाखान्यात रक्ताची तपासणी झाली असती तर संशय फिटला असता. पण माझ्याआधी भगत येऊन गेला होता. घरात मेलेल्याचं कापड फिरतंय, ज्यानं ते फिरवलं त्यानं कबूल केल्याशिवाय पोरीला कालव्यापलीकडे नेलं तर ती मरेल, असं तो सांगून गेला.

"हे हिरवं ठिगळ पाह्य!" दादा मला ओरडून म्हणाला. "बुढीचं लुगडं आहे हे. याच गोधडीवर जीव गेला तिचा."

बुढी म्हणजे आमची आई; ते ठिगळ तिच्या गोधडीतलं होतं. आमच्याकडे माणूस ज्या अंथरुणावर जीव सोडतो, ते अंथरूण घरात परत येत नाही. घाटावर, नाल्याच्या काठी सोडून देतात.

"शहरातल्या बायाले बॅगा इकते म्हणे!" तो पुढे म्हणाला. "अन् माह्या पोरीच्या खांद्यावर मढ्याचं कापड टांगते."

दुर्गेश्वरीवहिनी तुळशीपाशी डोक्यावर पदर ओढून बसली होती. तिचा नवरा टिकेश, माझा दुसरा भाऊ, कामावर नागपूरला होता. ती माझ्याकडे वळून बोलली, दादाकडे नाही.

"ताई, सांगा त्यायले. थे गोधडी चिंध्यायच्या बोऱ्यात भेटली मले. मी कायले वाईट करू पोरीचं?"

लहान सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही आणि भासरा तिला हात लावत नाही. नुसता पदर लागला तरी दोघं आंघोळ करतात. दादा हा नेम कधी मोडत नसे. त्या दिवशीही त्यानं मोडला नाही. त्यानं बैल हाकायची काठी आपल्या बायकोच्या, भूमेश्वरीवहिनीच्या हातात दिली.

"मार तिले. कबूल होतवर मार."

"अहो, पोरगी तिकडे..."

"मार म्हणलं ना!"

भूमेश्वरीवहिनीनं मारलं. पहिली काठी हलकी होती. दादानं बायकोच्या कानशिलात दिली, मग दुसरी जोरात बसली. दुर्गेश्वरीच्या पाठीवर पोलकं फाटलं आणि खालची कातडी उकलली. तिनं दोन्ही हात डोक्यावर घेतले, तेव्हा काठी बोटांवर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ओळखते. सुकं बारीक लाकूड मोडावं तसा तो असतो.

मी आत जाऊन चंदाला उचललं. मला तो हात लावू शकत होता. त्यानं पोरीला हिसकावून परत खाटेवर ठेवलं, मला दंडाला धरून ओसरीवर फेकलं आणि फाटकाला कडी घातली. भिंतीपलीकडे माणसं जमली होती.

"होय म्हण ना वं," बाहेरून एक बाई म्हणाली. "होय म्हणलं तं सुटशील."

सुटली नसती. होय म्हटलेल्या बाईचं गावात काय होतं हे आम्हाला ठाऊक होतं. 'जादूवाली' म्हणून कोणीतरी आधीच ओरडलं होतं.

मला एक प्रश्न पडला आणि मी तो विचारला.

"दादा, घाटावर गोधडी सोडायला कोण गेलं होतं?"

"मी गेलो होतो. टाकली म्या."

"मग ती बोऱ्यात आली कशी?"

त्यानं विळ्याची मूठ माझ्या तोंडावर मारली. ओठ दातांवर चिरला. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, पण तिकडची काठी थांबली होती.

"कायले खोटं बोलता?" भूमेश्वरीवहिनी म्हणाली. "वापस आणली होती तुमी. मले म्हणाले, मायच्या अंगाचा वास आहे, फेकवत नाही. कोन्या बोऱ्यात लपवली मले का माहीत? चिंध्या समजून म्याच देल्ला थो बोरा हिले."

दादा तिच्यावर धावला. केस धरून त्यानं तिचं डोकं खांबावर आपटलं आणि विळा चालवला. पातं खांद्यावर लागलं, लुगडं काळपट ओलं होत गेलं.

"बोल, खोटं बोलली म्हण! म्हण!"

तेवढ्यात दुर्गेश्वरी आतून बाहेर आली. ती कधी उठली, मी पाहिलंच नव्हतं. चंदा तिच्या खांद्यावर होती, मोडक्या बोटांचा हात पोरीच्या पाठीखाली होता. डोक्यावर पदर नव्हता. ती सरळ दादाच्या अंगावर चालत आली.

"थांबव तिले," दादा मला म्हणाला. मी हलले नाही.

त्यानं विळा उगारला. ती थांबली नाही. तिला अडवायचं तर हात लावावा लागला असता. ती हातभर अंतरावर आली आणि दादानं बायकोचे केस सोडले. तो मागे सरकला, पुन्हा सरकला, पाठ फाटकाला टेकली तसा हात अंगाशी आवळून, विस्तवापासून सरकावं तसा भिंतीला चिकटत बाजूला झाला.

"कडी काढा, ताई," ती म्हणाली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून बोलली, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. "पोरगी मरून राहिली. बाजूले हो."

मी कडी काढली. बाहेरून दगड आला आणि तिच्या कानामागे लागला. ती पोरीवर वाकली, पुन्हा सरळ झाली. शेजारच्या चैतरामनं ऑटो दारात आणून लावला होता.

"बसा लवकर," तो गर्दीकडे पाठ करून म्हणाला. "शिव्या का, थ्या उद्या बी देतील."

भूमेश्वरीवहिनी खांदा दाबून धावत आली आणि ऑटोत चढली.

तिरोड्याला रक्तात मलेरिया निघाला, त्यातला घातक प्रकार. सलाईन लागलं, इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर हाती काही राहिलं नसतं. मग नर्सनं दुर्गेश्वरीची पाठ पाहिली, बोटं पाहिली.

"हे पोलिसांना कळवावं लागेल. कोणी मारलं?"

"म्या मारलं," भूमेश्वरीवहिनी म्हणाली आणि रडायला लागली.

"तुम्ही?" नर्सनं तिच्या खांद्यावरच्या जखमेकडे पाहिलं. "मग तुम्हाला कोणी?"

दुर्गेश्वरीनं चांगल्या हातानं चंदाच्या अंगावरची चादर नीट केली.

"दोघीयले एकानंच मारलं," ती म्हणाली. "लिहा. लोकेंद्र मनोहरलाल बिसेन."