पुलापलीकडचं धुकं

आमचं जुनं ग्राफिक्स कार्ड इतकं तापायचं, की कॉम्प्युटरच्या मागे मी थंडीत ओले मोजे वाळवायचे. एकदा तर शेजारीण विस्तव मागायला आली होती. खोटं वाटत असेल तर आमच्या मांजरीला विचारा, तिचं अर्धं आयुष्य त्या डब्याला पाठ लावून गेलंय. आणि त्याचा पंखा! तो सुरू झाला की वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खिडकीत येऊन विमान शोधायचे.

तर त्या कार्डाच्या जिवावर उठली माझी नात. तिला आम्ही किल्ली म्हणतो, कारण रांगत होती तेव्हापासून दिसेल ते उघडून बसते. आता कॉम्प्युटर दुरुस्त करते. परवा आली ती नव्या कार्डाचं खोकं काखेत मारूनच.

"आजी, आज तुझं काही ऐकणार नाही. स्क्रीनवर जांभळे पट्टे यायला लागलेत. कार्ड मरायला टेकलंय."

"मग मरू दे की त्याच्या मरणानं. तुला कसली घाई?"

"जाताना एकटं नाही जाणार ते, मशीनही घेऊन जाईल. मग आजोबांचा गेम कसा उघडशील?"

कार्टीनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

तिचे आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून बारीक दातांची चाकं बघायची, म्हणून संध्याकाळी त्यांना काहीतरी मोठं बघायला हवं असायचं. कुणीतरी त्यांना गाव वसवायचा एक गेम दिला. घरं बांधायची, झाडं लावायची, आणि मग त्याच गावातून पायी हिंडायचं. मी शेजारी स्टुलावर चहाचा कप घेऊन. गावाच्या कडेला नदी, नदीवर पूल, आणि पुलापलीकडे नुसतं पांढरं धुकं. कार्डात दमच नव्हता हो! जवळचं तेवढं काढायचं आणि लांबचं सगळं धुक्यात ढकलून मोकळं व्हायचं.

हे रोज पुलावर येऊन थांबायचे. "बोल, पलीकडे काय आहे?"

"अहो, मला काय विचारता? जाऊन बघा की."

"आधी तू सांग. मग जाऊ."

मला तेवढं पुरे. मी सांगायचे, पलीकडच्या रस्त्यावर दिव्याचे खांब नाहीत, जिराफ उभे असतात, गळ्यात कंदील अडकवलेले. भर शेतात दीपगृह आहे, कारण तिथली समुद्राची वाट चुकलेली जहाजं जमिनीवरूनच येतात. एका घराच्या छपरावर दुसरं घर आहे, कारण दोन जावांचं पटत नाही पण करमतही नाही. हे मान डोलवायचे. एका शब्दानं कधी "काहीतरीच काय" म्हणाले नाहीत.

शेवटची गोष्ट कधीच म्हातारी न होणाऱ्या माणसांच्या घराची होती. घर निळं, अंगणात झोपाळा. ह्यांनी विचारलं, "दार कुठल्या बाजूला?" माझी भाजी लागायला आली होती. मी उठता उठता म्हटलं, "उद्या सांगते." जेवायला हाक मारेपर्यंत हे गेमसमोरच बसून होते. त्या रात्रीच त्यांना दवाखान्यात हलवलं, आणि मग ते घरी आलेच नाहीत.

आता सांगा, ते धुकं मी कसं जाऊ देऊ? नवं कार्ड लांबचं दाखवणार. लांब असणार काय, तर मोकळं माळरान. माझी एकेक थाप उघडी पडणार, आणि तिच्यावर विश्वास ठेवून पुलावर उभा राहिलेला माझा माणूसही त्या माळरानात हरवणार.

हे मी किल्लीला सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "जुनंच चांगलं आहे. आधी तुलना करून दाखव, मग बोलू."

तिला तेच हवं होतं. "हे बघ. जुन्याची मेमरी अर्धा जीबी, नव्याची आठ."

"म्हणजे माझी पर्स आणि रेल्वेचं गोदाम. गोदाम खांद्याला अडकवून बाजारात जाऊ का मी?"

"जुनं सेकंदाला कशीबशी तीस चित्रं काढतं, म्हणून चालताना धक्के बसतात. नवं शंभराच्या वर काढतं."

"माझे डोळे दोनच आहेत गं बाई."

"नव्याचा पंखा ऐकूसुद्धा येत नाही."

"मग चालू आहे की मेलंय हे कळायचं कसं? आणि मांजर कुठे झोपेल?"

"आजी!"

तिनं आधी जुन्यावर चालून दाखवलं. चौकात चित्रं पळत होती सेकंदाला तीसच्या आसपास. पुलाकडे वळली तशी घसरत अकरावर आली. किल्लीच्या कपाळावर आठी.

"हे विचित्र आहे. पुलावर तर काहीच नाही. मग एवढी धाप का लागते याला?"

"वय झालंय त्याचं. पूर्वी नव्हती लागत. ह्यांच्या शेवटच्या वर्षात लागायला लागली."

तिनं माझ्याकडे जरा टक लावून बघितलं, मशीन बंद केलं, आणि मी नको म्हणायच्या आत जुनं कार्ड उपसून नवं बसवलं. नव्याला वीज जास्त लागते म्हणून सोबत आणलेला पॉवर सप्लायही जोडला. "पाच मिनिटं बघ. नाही आवडलं तर जुनं परत लावते. शप्पथ."

मी चष्मा काढून ठेवला. म्हटलं, माळरान धूसर तरी दिसेल.

मग किल्ली ओरडली, "आजी! इथे जिराफ का उभे आहेत?"

मी चाचपडत चष्मा शोधला आणि डोळ्यांवर चढवला. पुलापलीकडे लांबच्या लांब रस्ता. दोन्ही बाजूंना जिराफ, प्रत्येकाच्या मानेशी कंदील टेकवलेला. शेतात दीपगृह. घरावर घर, तेही जरा तिरकं, खालच्या जावेनं ढकलल्यासारखं.

"हे कधी केलं त्यांनी? धुक्यात दिसत कसं होतं?"

"वरून नकाशात करता येतं गं. तिथे नुसते चौकोन दिसतात, त्याला कार्ड लागतच नाही." किल्लीचा आवाज हळू झाला. "आणि कार्ड म्हातारं नव्हतं झालं. पलीकडचं ओझं वाढत होतं, धुक्यात झाकलं तरी ते पेलावंच लागतं. आजोबा एकेक वस्तू ठेवत होते आणि ते दमत होतं."

म्हणजे मी रात्री आडवी झाले की हा माणूस माझ्या थापा बांधत बसायचा! आणि संध्याकाळी साळसूदपणे विचारायचा, पलीकडे काय आहे म्हणून.

किल्ली चालत चालत रस्त्याच्या टोकाला गेली. तिथे निळं घर होतं. अंगणात झोपाळा. ती घराभोवती एक चक्कर मारून आली.

"याला दारच नाही. विसरले वाटतं आजोबा."

"विसरले नाहीत. माझी वाट बघत थांबले." मी डोळे पुसले आणि स्टूल पुढे ओढलं. "पुलाच्या बाजूला कर दार. आणि जरा रुंद कर, तुझ्या आजोबांना चहाचा ट्रे घेऊन आत जायचं असतं."

किल्लीनं दार बसवलं. आम्ही दोघी बाहेर झोपाळ्याशी उभ्या राहिलो.

"आजी, आत काय आहे?"

"आत?" मी म्हटलं. "आधी ते जुनं कार्ड मांजरीच्या टोपलीत ठेव. मग सांगते."