ट्रम्पेटातला बोळा

देवाजीला जंगलातल्या अस्वलाची भीती वाटत नसे, सापाची नसे, बायकोची तर मुळीच नसे (असं तो म्हणायचा). त्याला भीती होती ती एका चिंधीच्या बोळ्याची.

लग्नातला बँड ठरतो तो माणसांच्या हिशेबानं. एखादा वाजवणारा कमी पडला की मालक कुणालाही वर्दी चढवतो, हातात ट्रम्पेट देतो आणि रांगेत उभा करतो. त्या ट्रम्पेटच्या भोंग्यात खोलवर बोळा कोंबलेला असतो, म्हणजे चुकून फुंकलं तरी आवाज निघू नये. तो माणूस दिवसभर गाल फुगवतो, बोटं नाचवतो आणि वाजत काहीच नाही. देवाजीच्या बँडमध्ये हे काम श्यामलालकडे होतं. श्यामलाल एकेकाळी पट्टीचा वाजवणारा. पुढचे दात गेले, ओठांचा जोर गेला आणि एके दिवशी मालकानं मुकाट्यानं त्याच्या हातात बोळ्याचा ट्रम्पेट दिला. तेव्हापासून देवाजी जेवताना श्यामलालच्या शेजारी बसायचं टाळत असे. जसा काही तो रोग लागणारा होता.

या हंगामात देवाजीचा सूर पडू लागला होता. धून सुरू झाली की दोन ओळींत तो बाकीच्यांच्या खाली घसरायचा. कारण त्याच्याकडे तयार होतं. ट्रम्पेटला पुढच्या बाजूला एक वाकडी नळी असते, बाहेर ओढली की सूर उतरतो, आत सारली की चढतो. देवाजीची ती नळी झिजून सैल झाली होती आणि वाजवता वाजवता आपोआप बाहेर यायची. त्यानं दोरा गुंडाळून पाहिला, मेण लावून पाहिलं. ‘पाइप ढिला आहे’ हे वाक्य त्यानं इतक्या मांडवांत म्हटलं की पोरं पाठीमागे म्हणू लागली, नाचता येईना अंगण वाकडं. देवाजीनं ते ऐकलं होतं. वाईट याचं वाटलं, की त्यालाही मनातून तसंच वाटत होतं.

बँडचा मालक संघदीप हा त्याच्या धाकट्या भावाचा मुलगा. तो एकदा म्हणाला, “मोठेबाबा, चाला गोंदियाले. तुमचा पाइपच सुधरवून आनू. किती दिवस रडत रायचं?”

देवाजीला वेगळाच प्रश्न पडला. नळी सुधारली आणि सूर तरीही पडला, तर मग दोष कुणावर टाकायचा?

गोंदियाच्या बाजारात ईश्वरदास पितळेची भांडी आणि बँडचे बाजे दोन्ही दुरुस्त करत असे. त्यानं नळी काढली, तिच्या तोंडात निमुळती सळई घालून दाबत दाबत फिरवली आणि तोंड केसभर रुंद केलं. मग घट्ट ग्रीस लावून नळी आत सारली. ती जागची हलेना.

“अब हाथ से खींचोगे तभी निकलेगी, दादा,” तो म्हणाला. “बस पतला तेल मत लगाना. तेल लगाया तो फिर फिसलेगी.”

संघदीप खूश झाला. 

घरी येऊन देवाजीनं ट्रम्पेट खुंटीला टांगला तो टांगलाच. त्याची बायको अन्नपूर्णा शिलाई मशीनवर बसली होती. “वाजवून तं पाहा,” ती म्हणाली.

“उद्या.”

“भेव लागून रायला का तुमाले?”

 दुसऱ्या दिवशी दरेकसा गावात लग्न होतं. सकाळी अन्नपूर्णा पाण्याला गेली तेव्हा देवाजीनं तिच्या मशीनच्या तेलाची कुप्पी उचलली. नळी ओढून ग्रीस पुसलं, दोन्ही टोकांना तेल चोपडलं. नळी सरकू लागली तसा त्याचा जीव भांड्यात पडला. आज सूर पडलाच तर म्हणता येईल, पाइप पुन्हा ढिला झाला.

दरेकश्याच्या मांडवापुढे पिकअप थांबला. दारात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर मांडली होती, हार ताजे होते. या बँडचा नेम असा, की मांडवाच्या दारात वंदनेची पहिली ओळ एकट्या ट्रम्पेटनं वाजवायची आणि ओळ संपली की वाजवणाऱ्यानं ट्रम्पेटसकट तसबिरीपुढे वाकायचं. त्यानंतर बाकीचे बाजे. हा मान देवाजीचा. बायामाणसं हात जोडून गप्प उभी राहिली. श्यामलाल मागच्या रांगेतून त्याच्याकडे पाहत होता. देवाजीनं नळी आत दाबली, डोळे मिटले आणि फुंक घातली.

सूर लागला. लागला आणि उभा राहिला. देवाजी तो पडायची वाट पाहत राहिला, पण सूर हलेना. ट्रम्पेट आडवा होता तोवर रुंद केलेली नळी तेल असूनही जागेवर टिकली होती. ओठ शाबूत होते, दम शाबूत होता. अंगण खरंच वाकडं होतं! हंगामभर तो विनाकारण भ्याला होता. त्याचे डोळे भरून आले. ओळ संपली आणि तो नेमाप्रमाणे वाकला.

भोंगा खाली झाला आणि तेलानं बुळबुळीत झालेली नळी सुळकन निसटून रस्त्यावर पडली. मागून जनरेटरचा गाडा येत होता. ढकलणाऱ्याला ती दिसली नाही. चाकाखाली नळी चेपली.

संघदीपनं ती उचलली. बोटांकडे पाहिलं, वास घेतला. “हे तेल कोनं लावलं?”

“त्या गोंदियावाल्यानं लावलं असंल,” श्यामलाल पटकन म्हणाला. त्यानं दयेनंच म्हटलं होतं. देवाजीनं नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. ईश्वरदास काही इथे बोलायला नव्हता.

“म्या लावलं,” देवाजी म्हणाला.

“काऊन?”

“पाइप सुधरला अन् सूर तसाच पडला असता, तं तू मले बोळा देला असता. भेव लागत होता, बाबू.”

मांडवातली माणसं वाट पाहत होती.  मागच्या रांगेत जाऊन संघदीपनं श्यामलालचा ट्रम्पेट घेतला आणि देवाजीपुढे येऊन उभा राहिला. देवाजीनं तो ओळखला. 

संघदीपनं भोंग्यात हात घातला आणि बोळा ओढून काढला. काळपट, जुनी चिंधी निघतच राहिली.

“याचा पाइप घट्ट आहे, मोठेबाबा,” तो म्हणाला. “वाजवा.”

श्यामलालनं ती चिंधी उचलली, देवाजीच्या मोडक्या ट्रम्पेटात कोंबली आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. देवाजीनं श्यामलालचा बाजा तोंडाशी नेला.  आता सूर पडला तर तो त्याचाच पडणार होता. त्यानं ओठ टेकवले.