काळी पाचवरचा लाल ठिपका

माझ्या 'काळी पाच' या पट्टीच्या मधोमध एक खळगा आहे. तांदळाचा दाणा आडवा ठेवला तर तो तिथे थांबेल, घरंगळणार नाही. खळग्याच्या वरच्या टोकाला नखपॉलिशचा लाल ठिपका आहे. खळगा वापराने पडला. ठिपका मात्र माणसाने मुद्दाम लावला, आणि माझा राग त्या ठिपक्यावर आहे.

मित्रांनो, मी मूल या तालुक्याच्या ठिकाणाजवळच्या एका गावातल्या शाळेची जुनी बाजाची पेटी. माझ्या पोटात पितळेचे पातळ सूर बसवलेले आहेत. भात्याने हवा ढकलली की ते थरथरतात. लांब सूर सावकाश थरथरतो आणि खाली बोलतो. आखूड सूर भरभर थरथरतो आणि वर बोलतो. यात चांगला-वाईट कुणी नाही. लांबी वेगळी, एवढेच.

शाळेत येण्याआधी मी झाडीपट्टीतल्या एका नाटक मंडळात होते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि मंडईत आमचे नाटक व्हायचे. लटारूभाऊ बायकांच्या भूमिका करायचे. त्यांचा गळा उंच. त्यांचे प्रत्येक गाणे काळी पाचवरून उचलले जाई, म्हणून तिथे खळगा पडला. तो त्यांच्या गळ्याचा ठसा आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मंडळ मोडले आणि मी शाळेत आले. एका वर्षी मुलांनी काळी पाचवरून समूहगीत म्हटले आणि शाळेला तालुक्याची ढाल मिळाली. लगेच मुख्याध्यापक धनराज सरांनी घरून नखपॉलिशची बाटली आणली.

"आता गाणं इथूनच उचलायचं," ते म्हणाले. "आपला लकी सूर हाय हा."

तेव्हापासून ज्याचा गळा ठिपक्यापर्यंत पोचत नाही तो बेसूर ठरतो. त्याने मागच्या रांगेत उभे राहून नुसते ओठ हलवायचे. लटारूभाऊंच्या झिजेने पोरांचे गळे मापायचे, हा कुठला न्याय? माझ्यात इतक्या पट्ट्या आहेत, त्या काय शोभेला बसवल्या?

प्रेमिला मॅडमना हे कळत होते. त्या तासिका तत्त्वावर संगीत शिकवतात. दर जूनला त्यांची नेमणूक धनराज सरांच्या होकारावर होते. मागे त्यांच्या वर्गात सातवीतली सुकरी तोंड मिटून बसली होती. तिचे वडील डोंग्यातून, म्हणजे छोट्या लाकडी होडीतून, तलावात मासे धरतात.

"काऊन गप हायेस वो?" मॅडमनी विचारले.

"मी नुसते ओठ हालवतो, मॅडम. सरनं सांगतलं."

"बरं. तुये बाबा डोंग्यात असले, तं काठावरून जेवायले हाक कशी मारतेस? तशी मार."

सुकरीने हाक मारली. "बाबा वोऽऽ." जाड, लांब, पाण्यासारखी सपाट. मॅडमची बोटे माझ्यावरून खाली सरकत गेली आणि पांढरी चारवर थांबली. सुकरीचा आवाज आणि माझा आवाज एक झाला. जराही कंप नव्हता.

मागून खुशाल म्हणाला, "मॅडम, आता तलावातले बेडूक जेवायले येतीन."

"येतेतच," सुकरी म्हणाली. "तू गायला की पळून जातेत."

वर्ग हसला, खुशालही हसला. मॅडम म्हणाल्या, "गळा दुरुस्त नाई करत आपण. तो कुठी राह्यते ते शोधतो, अन् गाणं त्याच्या घरी नेतो." मग सगळा वर्ग पांढरी चारवरून गायला, आणि सुकरीचा आवाज सगळ्यांच्या खाली जोत्यासारखा उभा राहिला.

पण स्नेहसंमेलन किंवा स्पर्धा आली की मॅडम ठिपक्यावरच बोट ठेवायच्या. ठेवण्याआधी ते बोट क्षणभर अडखळायचे. ते फक्त मला कळायचे. "यंदा बोलते सरांशी," असे त्या मला झाकताना पुटपुटायच्या, आणि वर्ष निघून जायचे.

मित्रांनो, मला कोरड्या फडक्याने पुसा, माझ्या भात्यात झुरळे होऊ देऊ नका. पण त्याहून आधी एक करा. माझ्या नावावर कुणाचे तोंड बंद करू नका. मुका सूर माझ्यात असला तर तुम्ही मला दुरुस्तीला नेता, आणि मुले मात्र तुम्ही स्वतःच्या हाताने मुकी करता.

परवा तालुक्याच्या स्पर्धेच्या तालमीला धनराज सर आले. रांगेकडे बघत म्हणाले, "सुकरी, मागं. तोंड उघडं ठेव, आवाज काढू नको. लोकांयले दिसलं म्हंजे झालं."

सुकरी मान खाली घालून मागे निघाली. मॅडमचे बोट ठिपक्याशी आले आणि अडखळले. या वेळी भाताही थांबला. माझ्यातली उरलीसुरली हवा निघून गेली.

"सर, गाणं पांढरी चारवरून होईल," मॅडम म्हणाल्या. "ढाल गेली तं जाऊ द्या. जूनमंदी मले नोका बलावू. पण माह्या वर्गातलं कोणतंच पोरगं आता नुसते ओठ हालवणार नाई. सुकरी, समोर ये."