शेऱ्याविना अहवाल

फ्रिजच्या दारावरचं चुंबक टप्पकन फरशीवर पडलं. घर अजून झोपेत होतं, त्यामुळे एवढ्याशा आवाजानेही ती दचकली. चुंबकाखालचा कागद तरंगत ओट्याशी गेला. तिने तो उचलून झटकला आणि पुन्हा वाचला. 'कौटुंबिक अडचणीमुळे प्रयोगशाळा प्रमुखपद स्वीकारणे मला शक्य होणार नाही.'

"कौटुंबिक अडचण म्हणजे मी का?" नवरा डोळे चोळत मागे उभा होता. "की पोरगी?"

"काहीतरी कारण लिहावं लागतं ना."

"मग खरं लिही की."

खरं कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात तिची निवड झाली ती प्रतीक्षायादीतून. पहिल्या क्रमांकाच्या मुलीने नोकरी नाकारली, म्हणून हिला बोलावणं आलं. तेव्हापासून आपण दुसऱ्याच कुणाच्या खुर्चीत बसलोय, एक दिवस कुणीतरी येऊन 'उठा' म्हणेल, ही भीती तिच्या मनात ठाण मांडून होती. कुणी कौतुक केलं की म्हणायची, "मशीन चांगलं आहे हो." प्रत्येक नमुना दोनदा तपासायची आणि एवढं करूनही जवळजवळ प्रत्येक अहवालाखाली शेरा मारायची, 'खात्रीसाठी पुन्हा नमुना पाठवावा.' वॉर्डातल्या परिचारिकांनी तिचं नावच पुन्हाताई ठेवलं होतं. तिला त्यात गंमत वाटे.

वाचकहो, आपल्या आसपासही अशा पुन्हाताई आणि पुन्हादादा कमी नाहीत. काम चोख, पण स्वतःवर भरवसा नाही. आपण त्याला नम्रपणा म्हणतो आणि वर कौतुकही करतो.

विभागाच्या प्रमुख, सगळ्यांच्या मोठ्या बाई, शनिवारी निवृत्त होणार होत्या. विभागात पोहोचताच तिने अर्ज त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "हा ठेवू इथे. आधी माझ्याबरोबर वर चल."

वर मुलांचा वॉर्ड होता. चार वर्षांचा एक मुलगा आईच्या मांडीवर रडून रडून झोपला होता. त्याच्या दोन्ही हातांवर कापूस चिकटवलेला होता.

"याची शीर सापडत नाही," परिचारिका म्हणाली. "काल दोनदा टोचलं. मग खालून शेरा आला, म्हणून आज परत तीनदा."

"कालचा आकडा आणि आजचा?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"तोच. काडीचा फरक नाही." मग ती हिच्याकडे वळली. "राग मानू नका पुन्हाताई, पण तुम्ही सगळ्यांनाच लिहिता. परवा माझी पाळी मोठ्यांच्या वॉर्डात होती, तिथल्या सात नंबरच्या आजोबांना पुन्हा तपासणीची खरंच गरज होती. आम्हाला वाटलं, नेहमीचंच असेल. सहा तास तसेच गेले."

"आता कसे आहेत ते?" तिने विचारलं.

"सावरलेत. पण त्या सहा तासांत त्यांच्या लेकीचं तोंड बघवत नव्हतं."

जिन्यात मोठ्या बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. "गेल्या महिनाभरात तू एकशे चाळीस अहवालांवर शेरा मारलास. त्यातले तुझे किती चुकले?"

"माहीत नाही."

"मी काढून पाहिले. एकही नाही. तीन नमुने खराब होते आणि ते खराब आहेत हे तूच ओळखलंस. पण बाकीच्या गर्दीत ते तीन हरवले. आजोबांचा नमुना त्यातलाच."

"चुकले असते तर, बाई?"

"तर तुला बोलावून झापलं असतं. अगं, तुला चुकायची नाही, पकडलं जायची भीती आहे. इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात याला. आपण तोतये आहोत, असं वाटत राहतं. चांगल्या हुशार माणसांनाही वाटतं. मलाही वाटायचं."

"मग गेलं कसं?"

"गेलं कुठे? अजून येतं अधूनमधून. येऊ देते. पण सही मी करते, त्याला करू देत नाही."

"पण मी प्रतीक्षायादीतली..."

"अकरा वर्षं काम कोण करतंय? यादी की तू?"

आपल्या भीतीचा त्रास आपल्याला एकटीलाच होतो, असं ती आजवर समजत होती. आणि वर ते पोर पाच सुया सोसून झोपलं होतं!

दुपारी पुढचा अहवाल हातात आला तेव्हा पेन सवयीने शेऱ्याच्या जागी गेलं. तिने स्वतःला विचारलं, 'शंका आहे ती नेमकी कसली?' नमुना स्वच्छ होता, दोन्ही वेळचे आकडे जुळत होते. तिने जागा कोरी सोडून सही केली. दहाव्या नमुन्यात रक्ताची गाठ दिसली. तिथे तिने शेरा लिहिला आणि वॉर्डात फोन लावून सांगितलं, "हा नमुना खराब आहे. आत्ता नवीन पाठवा." एरवी तोंडात असलेलं 'बहुतेक' आज आलं नाही.

निघताना ती मोठ्या बाईंच्या टेबलाशी थांबली. "बाई, तो अर्ज परत हवाय."

"कुठला अर्ज?" त्या म्हणाल्या आणि घडी घातलेला कागद तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच फाडला.

शंका जरूर यावी, पण तिला कारण असावं. कारण नसलेली शंका हा नम्रपणा नव्हे. आपण स्वतःवर उगाच अविश्वास दाखवतो, तेव्हा त्याची झळ आपल्यावर विसंबलेल्या माणसांना लागते.

संध्याकाळी लेकीचे केस विंचरताना तिने सगळं सांगितलं. आपण शेरा लिहिला म्हणून एका मुलाला पुन्हा टोचावं लागलं, हेही लपवलं नाही. सहा वर्षांची लेक बराच वेळ आपल्या कोपराची आतली बाजू चोळत बसली. मग मान वळवून तिने विचारलं, "आई, त्याला कुणी सांगितलंय का, की ती सुई उगाचच होती?"